गुंडाळलेलं नाव

सत्त्याऐंशीचा दुष्काळ. जळकोटकडच्या एका दूध संघात कडब्याची नोंदणी नव्या कोऱ्या कॉम्प्युटरवर सुरू झाली आणि सकाळीच अडली. पुण्याहून आलेल्या निरगुडे साहेबांनी गावांच्या यादीला ‘ग्रुप’ असं नाव दिलं होतं. मशीन ते काही केल्या घेईना.

रांगेत पहिली उभी असलेली चन्नम्मा म्हणाली, “काय झालं, साहेब?”

“हा शब्द मशीनच्या स्वतःच्या हुकमांपैकी आहे. नाव म्हणून उघडा चालत नाही त्याला.” साहेबांनी शब्दाच्या दोन्ही बाजूंना अवतरणचिन्हं लावली. मशीननं मुकाट घेतला. “असा गुंडाळून दिला की चालतो. हं, नवऱ्याचं नाव सांगा.”

चन्नम्मानं पदर पुढं ओढला. “ह्यांचं नाव आमी घेत न्हाय.”

“नावाशिवाय कडबा मिळणार नाही, बाई.”

चन्नम्मानं एकदा साहेबांकडं बघितलं, एकदा मशीनकडं.

 

“मग म्या बी गुंडाळूनच देते. लिवा…

ओढ्याला न्हाय पाणी, उन्हाचा लई मार,
कल्याणप्पांचं नाव घेते, दावणीला जनावरं चार.”