रिकामं दार

एर्विन यांच्या शेवटच्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. जर्मनीतल्या आपल्या लहानशा गावाचा ते इतिहास लिहीत. त्यांनी कळवलं होतं, "इथे कोणी वारलं की शेजारी पुढच्या दारी सांगतो, तो त्याच्या पुढच्या. घर रिकामं असलं तरी दार ठोठावूनच पुढे जायचं, अशी रीत आहे. आता बहुतेक दारं रिकामीच आहेत. तुमच्याकडे कसं?" तेव्हा लामता गावातली आमची गल्ली माणसांनी भरलेली होती. त्यांना ते कसं लिहावं, हे मला सुचलं नाही.

परवा पहाटे माझी बायको, रुख्मा, गेली. शेजारचा फकिरा गल्लीत सांगायला निघाला आणि लगेच परतला.

"भाऊ, सांगू कोनाले? सबले कुलूप हाय. कोनी नागपूरले, कोनी हैदराबादले."

"तरी दार ठोकून ये."

"काहून? आतमंधी हाय कोन?"

"तू जाय तं खरा."

तो गेला. रुख्माजवळ बसून मी एकेका दारावरची थाप आणि हलणाऱ्या कुलपांचा आवाज ऐकत राहिलो.

आज उत्तर लिहिलं, "आमच्याकडेही तसंच." एर्विन वारले, त्यांचं घर बंद आहे, असं त्यांच्या भाचीनं मागेच कळवलं होतं. मी पाकिटावर त्यांचंच नाव आणि त्याच घराचा पत्ता घातला, आणि पत्र पेटीत टाकलं.