कापसाचे बोळे

“पोरीच्या कानात हे घाला,” पुढच्या बाकावरची बाई मागं वळून म्हणाली. तिच्या तळहातावर कापसाचे दोन बोळे होते. “आता या दोन गाड्या सुटल्या की कान फुटतील तिचे.”

“राहू द्या बाई,” बाबा हसले. “तिला असंच आवडतं.”

आईनं त्यांच्याकडं रोखून पाहिलं. मग ते बोळे घेऊन तिनं स्वतःच्याच कानात घातले.

तो १९६४ चा उन्हाळा होता. मार्लीन नऊ वर्षांची होती. बेकर्सफील्डच्या उत्तरेला, कापसाच्या शेतांमध्ये, जुनी विमानाची धावपट्टी पडून होती. दर रविवारी तिथं दोन-दोन गाड्या शेजारी उभ्या राहायच्या. पाव मैल सरळ रस्ता. आधी पोचेल तो जिंकला.

आज सत्तरीतही मार्लीन डोळे मिटते आणि तिथंच जाऊन बसते. मांड्यांना चटका देणारी फळी. भाजलेल्या कणसावरून मनगटापर्यंत ओघळलेलं लोणी. नाकात झिणझिण्या आणणारा इंधनाचा वास. त्या लांबुळक्या गाड्या आपोआप सुरू व्हायच्या नाहीत. कुणाची तरी बायको मागून मोटार लावून नवऱ्याची गाडी ढकलत आणायची. मग पांढऱ्या पँटमधला निशाणवाला मधोमध उभा राहायचा आणि निशाण उंचावत अशी उडी मारायचा, की जमिनीनंच त्याला वर फेकलंय असं वाटावं.

आणि मग ते यायचं. आधी फळीत, मग तळपायांत, मग बरगड्यांच्या आत. हातातल्या बाटलीतला कोला शहारायचा. शेवटी डोक्यात कुठंतरी खोल एक दार किलकिलं व्हायचं आणि क्षणभर उघडंच राहायचं. कोण जिंकलं हे तिला बाबा बोट करून दाखवायचे, पण त्याच्याशी तिला फारसं देणंघेणं नसायचं.

आईला हे रविवार मंजूर नव्हते. चर्च बुडायचं. खरं तर चर्चमध्ये मार्लीन कंटाळून जायची. सगळ्यांची तोंडं एकदम उघडायची, एकदम मिटायची, आणि तिला हसू आवरायचं नाही. पण आईचा त्या जागेवर विश्वास होता. संध्याकाळी दोघं धुळीनं माखून घरी आले, की ती मार्लीनला समोर उभी करायची, हनुवटी धरायची आणि आपला नेहमीचा प्रश्न विचारायची. मार्लीनला खोटं बोलता यायचं नाही. ती मान हलवायची, नाही. मग आई घासलेली भांडी पुन्हा घासायला घ्यायची.

“मजा तुला हवी असते, व्हर्जिल,” शेवटी एकदा जेवताना ती म्हणाली. “पोरीचं नुसतं निमित्त.”

“एकदा येऊन तर बघ, वर्ना.”

“येते. पण मला पटलं नाही, तर तो शेवटचा रविवार.”

टेबलाच्या पलीकडून मार्लीननं हे सगळं पाहिलं होतं. त्या आठवड्यात तिनं ताटातले वाटाणे न कुरकुरता संपवले.

त्या रविवारी आई आली ती चर्चचा इस्त्रीचा झगा घालूनच. येताना मार्लीन मागच्या सीटवर होती. पुढं दोघांचं काय चाललंय ते तिला कळत नव्हतं. फक्त बाबांची मान लाल होत गेलेली दिसली. फळीवर रुमाल अंथरून आई बसली. तिकीट काढून धूळ खायला येतात होय, म्हणाली, आपल्या अंगणात फुकट आहे. ती कापूसवाली बाई हसली. माझा नवरा इथून जातो तो बुधवारपर्यंत बहिराच असतो, तिनं सांगितलं, माझ्या बडबडीतून तेवढीच सुटका त्याला. आजूबाजूचे सगळे हसले. आई हसली नाही. तिनं पर्स उचलून मांडीवर घेतली. निघायच्या आधी ती नेहमी तसंच करायची.

मार्लीननं बाबांकडं पाहिलं. ते समोर बघत होते. त्यांचा हात तिच्या खांद्यावर होता आणि तो ओला झाला होता.

निशाणवाल्यानं उडी मारली.

फळी थरथरली. मार्लीननं डोळे मिटले, मान कलती केली आणि ते दार उघडायची वाट पाहिली. ते उघडलं. हा शेवटचाच रविवार असेल, म्हणून ती आतच थांबून राहिली, सगळं शांत होईपर्यंत.

कुणीतरी तिची हनुवटी धरली. तिनं डोळे उघडले. आई इस्त्रीच्या झग्यानिशी समोरच्या धुळीत गुडघे टेकून बसली होती. पर्स कुठंतरी खाली पडली होती. कापसाचे बोळे कानात नव्हते. मार्लीनला नीट दिसावेत म्हणून आईनं ओठ सावकाश हलवले, रोज हलवायची तसेच.

“ऐकू आलं?”

मार्लीननं आयुष्यात पहिल्यांदा मान डोलावली, हो.