बोथट सुरी

लढाई संपून वर्षं लोटली, तरी उस्तिन्याचा नवरा तिमोफेय परतला नव्हता. लाकडं फोडणं, छप्पर दुरुस्त करणं, गवत कापणं, पुरुषांची सगळी कामं तीच करी. फक्त पावाची सुरी तिने बोथटच ठेवली होती. “अगं, हिने लोणीसुद्धा कापलं जायचं नाही!” शेजारीण झिनाइदा म्हणाली. “कुऱ्हाडीला धार लावतेस, मग हिलाच का नाही?” “घरातल्या सुरीला धार घरधन्याने लावायची. तो आला की लावेल.” तेवढ्यात सुरी काळ्या पावावरून सटकून खाली पडली. लेक लुशा ओरडली, “आई, सुरी पडली! पुरुष पाहुणा येणार!” तिघींनी दाराकडे पाहिलं. बाहेर नुसता बर्फ पडत होता. “चमचा पडला तर बाई येते,” झिनाइदा हसली. “गावात पुरुष उरलेत कुठे? चमचेच पाड!” उस्तिन्याने सुरी उचलली, पुसली आणि टेबलाच्या अगदी कडेला ठेवली.