धक्का न देणारं काडतूस

शिकार मंडळाच्या जेवणावळीत अख्खं गाव मूस हरणाचं सूप ओरपत मंडळातल्या ताइस्तोच्या नेमाचं कौतुक करत होतं. माझा नेम यंदाही चुकला होता. दुसऱ्याच दिवशी बायकोला, राइलीला, घेऊन मी नवी रायफल घ्यायला गेलो.

"सगळ्यात जबर काडतूस चालेल अशी दाखवा."

"कशाला?" राइली म्हणाली. "साधी थ्री-नॉट-एटची घे. काडतुसं कुठंही मिळतात, हरणाला पुरतात."

"ताइस्तो तीच वापरतो, म्हणून ना?"

"झालं तुझं सुरू! अरे, खांद्याला धक्काच बसत नाही तिचा."

"हेही ताइस्तोनंच सांगितलं वाटतं?"

"सांगायला कशाला हवं?" ती बोलून गेली आणि घाईघाईनं काडतुसांची खोकी पाहू लागली.

माझ्या बंदुकीला राइलीनं आजवर हातही लावलेला नाही.