डाव्या हाताची सही

"मांजरी गावातला फ्लॅट विकला," चेक टेबलावर ठेवत अनंतराव म्हणाले. "तळमजल्याचा होता. आमच्या तनयाची व्हीलचेअर थेट आत जावी म्हणून घेतला होता. आता आम्हा दोघांना काय, कुठलाही मजला चालतो."

डॉ. पूर्णिमाने चेकला हात लावला नाही. ठिसूळ हाडांच्या आजारावर काम करणारी तिची ही दोन खोल्यांची प्रयोगशाळा देणग्यांवरच चालत होती, आणि एवढी मोठी देणगी आजवर कुणी दिली नव्हती. पण आधी आलेल्या पत्रावर देणगीदाराचं नाव वाचल्यापासून ती अस्वस्थ होती.

अनंतरावांच्या पत्नी श्यामलाबाई भिंतीवर लावलेले एक्स-रे बघत होत्या. "असे आमच्याकडे पेटीभर आहेत," त्या म्हणाल्या. "टाकवत नाहीत."

अनंतराव खडकीच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. प्रश्न अर्धा सोडायची त्यांना सवय नव्हती. "एवढ्यात भागेल ना तुमचं? की अजून कुठे अडतंय? स्पष्ट सांगा."

"पैशांनी मशीन येईल, काका. एकदोन माणसं नेमता येतील. अडतंय ते नमुन्यांपाशी. ऑपरेशनमध्ये हाडाचा तुकडा निघतो, तो एरवी कचऱ्यातच जातो. आम्हाला तो तपासायला हवा असतो. पण आईवडील नको म्हणतात. तनयाला जो प्रकार होता, त्याचे आजपर्यंत आम्हाला तीनच मिळालेत."

अनंतरावांनी चष्मा काढला, रुमालाने पुसला आणि हातातच ठेवला.

"आठ वर्षांपूर्वी आमच्याकडेही एक मुलगी आली होती. तनयाच्या मांडीचं ऑपरेशन व्हायचं होतं. ती फॉर्म घेऊन वॉर्डात आली. मी तिला हाकलून दिलं. सगळ्यांसमोर नको नको ते बोललो."

"‘माझी मुलगी म्हणजे तुमचा उंदीर नाही,’ असं म्हणालात."

त्यांनी घाईने चष्मा लावला आणि तिच्याकडे नीट पाहिलं.

"तुम्ही होतात?"

"पीएचडीचं पहिलं वर्ष होतं माझं."

"माफी मागायची राहिली होती, डॉक्टर. पण तुमचं नावच माहीत नव्हतं."

"तुमच्या जागी मी असते, तर मीही हाकललं असतं."

अनंतरावांनी विचारलं, "तो तुकडा दिला असता तर?"

खोटं बोलणं सोपं होतं. पूर्णिमा म्हणाली, "तनयाला उपयोग झाला नसता. तेवढा वेळच नव्हता हाताशी. पण आमचं काम वर्ष-दोन वर्षं आधी पुढे सरकलं असतं. तिच्यासारख्या दुसऱ्या कुणाला तरी झाला असता उपयोग. कदाचित."

अनंतरावांनी मान हलवली. त्या ऑपरेशननंतर पाच महिन्यांनी तनया न्यूमोनियाने गेली, तेव्हा तिला अठरावं पुरं व्हायचं होतं.

त्यांनी चेक पूर्णिमाच्या बाजूला सरकवला.

"थांबा, काका. एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला हा घेता येणार नाही."

तिने उठून कपाट उघडलं आणि खालच्या कप्प्यातून एक फाइल काढली. आत एकच कागद होता. तिने तो त्यांच्यासमोर ठेवला. त्यावर ‘पालकाची सही’ या शब्दांपुढची जागा कोरी होती. त्याच्या वरच्या ओळीत, ‘रुग्णाची संमती’च्या पुढे, लहान मुलाने गिरवावी तशी वेडीवाकडी अक्षरं होती. तनया.

"ही तिची सही नाही," अनंतराव म्हणाले.

"तिचीच आहे." श्यामलाबाई जवळ आल्या होत्या. "उजवा हात प्लास्टरमध्ये होता तिचा. डाव्याने केलीय."

"तुम्ही रागारागाने औषधं आणायला खाली गेलात," पूर्णिमा म्हणाली, "आणि काकू डॉक्टरांकडे गेल्या होत्या. मी जिन्यापर्यंत पोचले होते. तिने नर्सला पाठवून मला परत बोलावलं. म्हणाली, ‘ताई, माझी सही आत्ता घेऊन ठेवा. बाबांचा राग दोन दिवस टिकतो. बुधवारी या, तोवर मी त्यांना पटवते.’ ऑपरेशन गुरुवारी होतं."

"मग?"

"मी आलेच नाही." पूर्णिमाने क्षणभर खाली पाहिलं. "म्हणजे, आले होते. हॉस्पिटलच्या फाटकापर्यंत. पुन्हा सगळ्यांसमोर बोलणी खायची हिंमत झाली नाही. तिथूनच परत फिरले. आमच्या सरांना सांगितलं, आईवडील तयार नाहीत."

अनंतराव त्या कोऱ्या जागेकडे बघत राहिले.

"मंगळवारी विषय काढला होता तिने," ते म्हणाले. "मी म्हटलं, आल्या तर बघू." मग कुणी न विचारताच म्हणाले, "सही केली असती की नाही, ते मला आजही सांगता येत नाही."

त्यांनी चेक उचलून पूर्णिमाच्या हातात दिला. "घ्या हा. याचा त्याच्याशी संबंध नाही."

तिने तो घेतला.

श्यामलाबाई खुर्चीवर टेकल्या. त्यांनी कागद जवळ ओढला आणि त्या अक्षरांवरून बोट फिरवलं.

"बुधवारी सकाळीच केस विंचरून घेतले माझ्याकडून," त्या म्हणाल्या. "पाठीशी दोन उशा ठेवायला लावल्या. दुखत होतं तरी तशीच दाराकडे तोंड करून बसली. मला वाटलं, कॉलेजातली मैत्रीण यायची असेल. भेटीची वेळ संपल्याची घंटा झाली, तरी उशा काढू देईना."