चुंबळ

लग्नाची तयारी मी कागदावर लिहूनच केली होती: मांडव, आचारी, पत्रिका. एक गोष्ट मात्र लिहिली नाही, आईला तोंडीच सांगितली. "पोलाद कारखान्याच्या भट्टीच्या पायाची माती तू डोक्यावर वाहिली, हे सासरवाडीले कळू देऊ नको."

"नाही सांगत, बापा," ती म्हणाली.

लग्न लागलं. रुखवत सेक्टर सहामधल्या आमच्या क्वार्टरवर न्यायचं होतं. आईने सवयीने पदराची चुंबळ केली, टोपली डोक्यावर ठेवली आणि दोन्ही हात सोडून झपाझप निघाली. माझी मान खाली गेली.

डोक्यावरची दुसरी टोपली हाताने घट्ट धरून माझ्या सासूबाई तिच्यामागे धावल्या आणि हळूच म्हणाल्या,



"इहीनबाई, एक हात लावा न टोपलीले. नाही तर लोकं ओळखते. माह्या पोरीनं मले हेच बजावलं हाये."