मधला खांब

बोल्ट फिरला आणि फिरतच राहिला. विशालने ड्रिल बंद केलं. तिसऱ्या भोकातूनही लाल भुगाच आला होता.

"काका, ही नुसती वीट आहे," तो म्हणाला. "पकडतच नाही. इथे गॅलरी टांगली तर आज बसेल, आणि एक दिवस माणसांसकट खाली येईल."

दत्तारामने भोकात बोट घालून पाहिलं. गॅलरी त्याच्या बायकोसाठी, प्रेमासाठी होती. घाटकोपरच्या डोंगरावरचं घर, वरची खोली, उतरायला उभा लोखंडी जिना. गुडघे गेल्यापासून ती खाली उतरलीच नव्हती. तिला फक्त थोडं ऊन हवं होतं आणि गल्लीतली माणसं दिसायला हवी होती.

डावीकडचा ब्रॅकेट कोपऱ्यातल्या काँक्रीटच्या खांबाला पक्का बसला होता. उजवीकडेच अडलं होतं. खालून टेकू द्यावा, तर गल्लीतून रिक्षासुद्धा गेली नसती.

"एक खांब आहे मध्ये," विशाल म्हणाला. "पण तो पार्टिशनच्या पलीकडे गेलाय. भोक आरपार पाडायचं, आतून पट्टी लावायची आणि नट आवळायचा. मग हत्ती उभा करा. फक्त शेजाऱ्यांना विचारायला लागेल."

शेजारी म्हणजे गुणाजी. दत्तारामचा धाकटा भाऊ. वडील गेल्यावर खोलीचे दोन भाग झाले. मधलं पार्टिशन उभं राहिलं, त्या दिवसापासून दोघं बोलले नव्हते. जिना एकच होता. एकाची पावलं वाजली की दुसरा दाराआड थांबायचा.

"राहू दे गॅलरी," दत्ताराम म्हणाला.

प्रेमा भिंतीला धरून उठली. "तुम्ही जाता की मी जाऊ?"

तो गेला. गुणाजीच्या दाराशी उभं राहून त्याने घसा साफ केला. काय म्हणायचं ते त्याने मनात दोनदा जुळवलं होतं. दार गुणाजीच्या बायकोने, कुंदाने उघडलं. गुणाजी समोर खाली जमिनीवर बसून टॉवेलने मान पुसत होता.

"विचारूक इलंय," दत्ताराम म्हणाला. जुळवलेलं पुढचं सगळं तो विसरला.

गुणाजीने मान वर केली. "बोलव त्याका," तो म्हणाला.

एवढंच. विशाल ड्रिल घेऊन आला. या वेळी भुगा करडा निघाला. भोक आरपार गेलं. दत्तारामने आतून पट्टी धरली आणि गुणाजीने पान्याने नट आवळला. हात भरून आला तेव्हा त्याने पाना दत्तारामकडे दिला. दत्तारामने आणखी अर्धा वेढा दिला. "बस मरे," गुणाजी म्हणाला, "खांब उपटशील." आणि दोघांनाही हसू आवरेना.

गॅलरी पुरी झाल्यावर विशालने तिच्यावर वाळूची पोती रचून ठेवली. लोखंड जरासुद्धा वाकलं नाही. पोती उतरली आणि प्रेमा बाहेर येऊन खुर्चीत बसली. पायांवर ऊन आलं. खालून भाजीवालीने तिला ओळखून हात केला. भाऊ आत चहा पीत कोकणातल्या कुठल्याशा विहिरीवरून वाद घालत होते.

कुंदा तिच्याजवळ येऊन बसली.

"भावोजींनी लगेच हो म्हटलं गं," प्रेमा म्हणाली. "मला वाटलं होतं, निदान एक दिवस तरी घेतील."

कुंदा हसली. "लगेच कुठलं, वहिनी? त्या खांबाला आमचं कपाट होतं. तुमच्याकडे पहिलं भोक पोकळ वाजलं, तसं ह्यांनी एकट्याने ते ओढून बाजूला केलं. आणि मग दाराकडे तोंड करून बसले. दुसरं भोक पाडलंत तेव्हा मला म्हणाले, दादा अजून येत कसा नाही?"